गवताची पाहणी

२४ ऑक्टोबर १९७३ रोजी फिफाचे दोन वरिष्ठ पदाधिकारी सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियमची पाहणी करायला गेले. सहा आठवड्यांपूर्वी, ११ सप्टेंबरला, जनरल पिनोशे यांच्या लष्करानं साल्वादोर आयेंदे यांचं लोकांनी निवडलेलं सरकार उलथून टाकलं होतं. तेव्हापासून या स्टेडियमची छावणी झाली होती. धरून आणलेली हजारो माणसं तिथं कोंडली होती. खेळाडूंनी कपडे बदलायच्या खोल्यांत माणसं, बाकांखालच्या बोळांत माणसं. शेजारच्या वेलोड्रोममध्ये, जिथं एरवी सायकलींच्या शर्यती व्हायच्या, तिथं चौकशी आणि छळ. पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी कैद्यांना नजरेआड केलं गेलं. त्यातून जिवंत सुटलेल्यांनी पुढे सांगितलं आहे की आतून आम्हांला ते पदाधिकारी दिसत होते. ते मैदानावर हिंडले, गवत कसं आहे ते पाहिलं आणि निघून गेले. अहवाल झाला तो असा, की इथं सामना व्हायला हरकत नाही.

सामना १९७४ च्या विश्वचषकाच्या पात्रतेचा होता, चिली विरुद्ध सोव्हिएत संघ. मॉस्कोतला पहिला सामना सत्तापालटानंतर पंधराच दिवसांनी, २६ सप्टेंबरला झाला आणि गोलशून्य बरोबरीत सुटला. परतीचा सामना सांतियागोत होता. ज्या मैदानावर माणसांचं रक्त सांडलं तिथं आम्ही खेळणार नाही, सामना दुसरीकडे हलवा, असं सोव्हिएत संघानं कळवलं. फिफानं ते मानलं नाही. मग २१ नोव्हेंबरला चिलीचा संघ एकटाच मैदानात उतरला. समोरचा अर्धा भाग मोकळा. शिट्टी झाली, चार-पाच जण एकमेकांना चेंडू देत पुढे गेले आणि कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देसनं तो रिकाम्या गोलात सरकवला. चिली पात्र ठरला. जमलेल्या लोकांना काहीतरी बघायला मिळावं म्हणून ब्राझीलचा सांतोस क्लब बोलावलेला होता. त्यानं त्याच दिवशी चिलीला पाच गोलांनी हरवलं.

त्या दिवशी चिलीकडून उतरलेल्यांत कार्लोस कासेली होता, आयेंदेंचा उघड समर्थक. पुढच्या वर्षी संघ विश्वचषकाला निघाला तेव्हा निरोप द्यायला पिनोशे आले आणि रांगेतून हस्तांदोलन करत पुढे सरकले. कासेलीनं हात पाठीमागे ठेवले. त्याच्या आईला लष्करानं पकडून नेलं होतं, तिचा छळ केला होता. १९८८ च्या सार्वमतात पिनोशेंच्या विरोधात ‘नाही’चा प्रचार झाला, तेव्हा ती माउली टीव्हीवर आली आणि आपल्यावर काय गुजरलं ते शांतपणे सांगून गेली. मग कॅमेरा बाजूला वळला. तिथं तिचा मुलगा बसला होता.

या पुस्तकाचं बीज त्या पाहणीत आहे. पाहणी करणारी माणसं क्रूर होती असं मी म्हणणार नाही. त्यांना जे पाहायला पाठवलं होतं ते त्यांनी पाहिलं. प्रश्न असा आहे की आंतरराष्ट्रीय फुटबॉलनं आपल्या माणसांना काय पाहायचं शिकवलं आणि काय न पाहायचं. ‘खेळात राजकीय हस्तक्षेप नको’ हे वाक्य आपण सगळेच बोलतो. पण हस्तक्षेप कशाला म्हणायचं? सरकारनं फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षाला खुर्चीवरून उठवलं तर तो हस्तक्षेप, हे नियमात आहे. सरकारनं खेळाडूला तुरुंगात घातलं, त्याच्या कातडीच्या रंगावरून त्याला संघाबाहेर ठेवलं, खेळाडू मुलगी म्हणून तिला मैदानावर यायलाच मनाई केली, तर? शंभर वर्षांहून मोठ्या या इतिहासात फिफाचं उत्तर बहुतेक वेळा डळमळीत राहिलं आहे. नियमानं खुर्ची जपली, खेळाडू जपला नाही, हे माझं मत मी इथंच नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढचं सगळं वाचताना वाचकाला माझा कल ठाऊक असेल.

फिफाची स्थापना २१ मे १९०४ रोजी पॅरिसमध्ये सात युरोपीय देशांच्या संघटनांनी केली. आज तिचे २११ सदस्य आहेत. ही सरकारांची संघटना नाही. स्विस कायद्याखाली नोंदलेली एक खासगी संस्था आहे, आणि तिचे सदस्य देश नसून देशोदेशीच्या फुटबॉल संघटना आहेत. नवख्या वाचकानं हे पहिल्यांदा लक्षात घ्यावं, कारण पुढचा बराचसा गुंता इथूनच सुरू होतो. राष्ट्रगीत वाजतं, झेंडा फडकतो, राष्ट्राध्यक्ष येऊन बसतात. पण मैदानावरचा संघ कागदोपत्री एका संघटनेचा असतो. सरकारला तो आपला वाटतो, जनतेलाही आपलाच वाटतो, आणि संघटनेच्या दप्तरात तो संघटनेचा.

ही ओढाताण उघडी पडली ती १९३० च्या दशकात. १९३४ चा विश्वचषक मुसोलिनीच्या इटलीत झाला आणि फॅसिस्ट राजवटीनं तो स्वतःचा उत्सव करून टाकला. चार वर्षांनी फ्रान्समध्ये इटलीचा संघ यजमानांविरुद्ध काळे शर्ट घालून उतरला. त्याच स्पर्धेला ऑस्ट्रिया पात्र ठरली होती, पण मार्च १९३८ मध्ये हिटलरनं तो देशच गिळला. त्यामुळे पहिल्या फेरीत स्वीडनला समोर प्रतिस्पर्धी उरला नाही. ऑस्ट्रियाचे काही खेळाडू जर्मन संघात घातले गेले आणि तो जोडलेला संघ पहिल्याच फेरीत स्वित्झर्लंडकडून हरला. त्याआधी ३ एप्रिलला व्हिएन्नात दोन्ही संघांत ‘मिलना’चा म्हणून एक सामना झाला. ऑस्ट्रियानं तो २–० जिंकला, एक गोल माथियास सिंडेलरचा. जर्मनीकडून खेळायला त्यानं नकार दिला आणि जानेवारी १९३९ मध्ये तो आपल्या घरात विषारी वायूनं मेलेला सापडला. एवढ्यावर त्याची हुतात्म्याची कथा उभी राहिली. पण एका ज्यू मालकाच्या हातून नाझींच्या काळात काढून घेतलेलं कॅफे सिंडेलरनंच घेतलं होतं, हेही दप्तरात आहे. या विषयावर लिहिताना दोन्ही गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतात. पुस्तकातल्या प्रत्येक लेखकाला मी हीच एक विनंती केली होती.

१४ मे १९३८ रोजी बर्लिनमध्ये इंग्लंड जर्मनीशी खेळलं. राष्ट्रगीताच्या वेळी इंग्लंडच्या खेळाडूंनी हात पुढे करून नाझी सलाम केला. तो करावा असा ब्रिटिश राजदूताचा आग्रह होता, आणि खेळाडूंपर्यंत निरोप पोचवणारे होते इंग्लिश फुटबॉल संघटनेचे सचिव स्टॅन्ली राऊस. या माणसापाशी थोडं थांबायला हवं, कारण आपल्या विषयाची सगळी गाठ त्यांच्यात मारलेली आहे.

राऊस मूळचे शाळामास्तर. उत्तम पंच, १९३४ चा एफए कपचा अंतिम सामना त्यांनी चालवला. पंचानं मैदानात तिरक्या रेषेत धावावं आणि दोन्ही लाइन्समननी आपापली बाजू सांभाळावी, ही पद्धत त्यांनी रूढ केली. आपल्या गल्लीतल्या स्पर्धेतला पंचसुद्धा आज तसाच धावतो. फुटबॉलचे विस्कळीत नियम १९३८ मध्ये सतरा कलमांत नीट मांडून ठेवले तेही राऊस यांनीच. म्हणजे चुरशीच्या खेळातही न्याय कसा राखायचा, हे जगाला ज्यांनी शिकवलं त्यांत त्यांचं नाव वरचं. हेच राऊस १९६१ मध्ये फिफाचे अध्यक्ष झाले.

समोर दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न होता. १९५७ मध्ये खार्टूममध्ये इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी आफ्रिकी महासंघ उभा केला. पहिल्याच आफ्रिकी स्पर्धेला मिश्र संघ पाठवायला दक्षिण आफ्रिका तयार झाली नाही. सगळे गोरे किंवा सगळे काळे, एवढंच तिला मान्य होतं. बाकीच्या तिघांनी तिला बाहेर ठेवलं. जगातल्या बहुतेक क्रीडासंस्थांच्या कितीतरी आधी, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या किंवा होऊ घातलेल्या देशांच्या या लहानशा गटानं ही रेघ ओढली. फिफानं १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेला निलंबित केलं. १९६३ च्या सुरुवातीला राऊस स्वतः तिकडे जाऊन आले आणि त्यांच्या अहवालावरून निलंबन उठलं. गोऱ्यांच्या संघटनेनं मग तोडगा सुचवला: १९६६ च्या विश्वचषकाला गोऱ्यांचा संघ पाठवू, १९७० च्या विश्वचषकाला काळ्यांचा. १९६४ मध्ये टोकियोच्या अधिवेशनात आफ्रिकी आणि आशियाई मतांच्या जोरावर निलंबन पुन्हा लागलं. १९७६ मध्ये हकालपट्टी झाली, आणि परत यायला १९९२ उजाडलं.

मला इथं सर्वांत जास्त हलवून टाकणारी गोष्ट रॉबेन बेटावरची आहे. वर्णद्वेषी राजवटीचे राजकीय कैदी त्या बेटावर दगड फोडत होते. कित्येक अर्ज-विनंत्यांनंतर त्यांना आठवड्यातून थोडा वेळ फुटबॉल खेळायची परवानगी मिळाली. त्यांनी काय करावं? मकाना फुटबॉल असोसिएशन नावाची रीतसर संघटना काढली. घटना लिहिली, संघांच्या श्रेण्या पाडल्या, पंच तयार केले आणि फिफाचं नियमपुस्तक मिळवून त्याबरहुकूम लीग चालवली. एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीत संघटनेची पत्रं जायची. एका वादग्रस्त गोलावरून पंचाविरुद्ध तक्रार झाली, तिची सुनावणी महिनोन् महिने चालली. बाजू मांडली गेली, साक्षी झाल्या, अपील झालं. ज्यांना बाहेरच्या न्यायालयानं न्याय दिला नाही, त्यांनी आत राऊस यांच्या सतरा नियमांवर न्यायाची रीत उभी केली. ज्या राजवटीच्या देशात राऊस पाहणीला जाऊन आले होते, ती हीच राजवट. राऊस यांना या कैद्यांचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं. पण १९७३ मध्ये सांतियागोतल्या पाहणीचा अहवाल मान्य झाला तेव्हाही फिफाचे अध्यक्ष तेच होते.

या सगळ्याची किंमत त्यांनी पुढच्याच वर्षी मोजली, पण तिची सुरुवात आधीच झाली होती. १९६६ च्या विश्वचषकात आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या तिघांना मिळून सोळांपैकी एकच जागा ठेवली होती. घानाच्या ओहेने जान यांच्या पुढाकारानं आणि राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या पाठिंब्यानं आफ्रिकी देशांनी सामूहिक माघार घेतली. ती जागा उत्तर कोरियाला मिळाली आणि तिनं मिडल्सब्रोमध्ये इटलीला हरवून जगाला थक्क केलं. १९७० पासून आफ्रिकेला स्वतःची जागा मिळाली. आणि जून १९७४ मध्ये फ्रँकफर्टच्या निवडणुकीत ब्राझीलचे जोआव आव्हेलान्ज आफ्रिकी मतांचा आधार घेऊन राऊस यांना हरवून अध्यक्ष झाले. तिथून फिफाचा पैसा, मतं आणि यजमानपद यांचं दुसरंच पर्व सुरू झालं. ते २७ मे २०१५ च्या पहाटे झुरिकच्या हॉटेलात झालेल्या अटकांपर्यंत येऊन पोचलं. अँड्र्यू जेनिंग्ज यांच्यासारख्या शोधपत्रकारांनी त्या पर्वावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. हे पुस्तक त्या वाटेनं फार आत जात नाही.

अभ्यासकांत आणि कार्यकर्त्यांत या प्रश्नाकडे पाहायच्या तीन-चार वाटा पडल्या आहेत. राऊस यांची वाट म्हणजे खेळ वेगळा, राजकारण वेगळं. सामना झाला पाहिजे, बाकीचं ज्याचं त्यानं बघावं. ही वाट भोळी वाटते, पण तिच्यामागे एक खरी भीती आहे: प्रत्येक सरकारच्या पापाचा हिशेब मांडत बसलो तर सामना कोणाशी खेळायचा? बहिष्काराची वाट आफ्रिकेनं दाखवली: ज्यानं आपल्याच माणसांना मैदानाबाहेर ठेवलं, त्याच्याशी खेळणं म्हणजे त्याला मान देणं. तिसरी वाट गाठीभेटीची. १९९८ मध्ये लिआँ इथं इराणच्या खेळाडूंनी अमेरिकेच्या खेळाडूंना पांढरी फुलं दिली, २००८ मध्ये तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष सामना पाहायला येरेवानला गेले, ही तिची उदाहरणं. चौथी वाट वकिलांची. संघटना स्वायत्त राहिली पाहिजे, तिच्या कारभारात सरकार, न्यायालय, सैन्य कोणीही तिसऱ्यानं हात घालता कामा नये, आणि वाद झाला तर तो लोझानच्या क्रीडा लवादासमोर जावा. आज प्रत्यक्षात चालते ती हीच चौथी वाट, म्हणून तिची जास्त झाडाझडती घ्यायला हवी.

तिच्या बाजूनं बोलायचं तर २०१० ची नायजेरिया पाहावी. विश्वचषकात संघ लवकर बाद झाला म्हणून राष्ट्राध्यक्षांनी संघालाच दोन वर्षं आंतरराष्ट्रीय खेळापासून दूर ठेवायची घोषणा केली. फिफानं बंदीचा इशारा दिल्यावर ती मागे घेतली गेली. इथं नियमानं खेळाडूंचं भलं केलं. पण त्याच्या शेजारी इराक ठेवा. सद्दामचा मुलगा उदय ऑलिम्पिक समिती आणि फुटबॉल संघटना दोन्ही चालवायचा. हरलेल्या खेळाडूंना मारहाण, कोठडी, तळपायांवर फटके हे त्याच्या राज्यात नेहमीचं होतं. १९९७ मध्ये कझाकस्तानकडून हरल्यावर खेळाडूंचा छळ झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा फिफानं दोन माणसं बगदादला पाठवली. ती खेळाडूंशी बोलली. उदयच्या पहाऱ्यातले खेळाडू काय सांगणार? छळाचा पुरावा मिळाला नाही, असा निष्कर्ष निघाला. उदय गेल्यावर, २००३ नंतर, खेळाडूंनी तोंड उघडलं. आणि २००८ मध्ये इराकच्या नव्या सरकारनं ऑलिम्पिक समिती आणि क्रीडा संघटना बरखास्त केल्या, तेव्हा फिफानं काही दिवसांतच इराकला निलंबित केलं. त्याच्या आदल्या वर्षी, २९ जुलै २००७ ला, शिया, सुन्नी आणि कुर्द खेळाडूंच्या या संघानं जकार्तात सौदी अरेबियाला १–० हरवून आशिया चषक जिंकला होता.

आपल्याकडे हा नियम प्रत्यक्ष येऊन धडकला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांच्या कार्यकारिणीची मुदत डिसेंबर २०२० मध्येच संपली होती. घटनेचा वाद न्यायालयात असल्याच्या कारणानं निवडणूक झाली नव्हती. दीड वर्ष अशी गेली, बंदी आली नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माजी न्यायमूर्ती अनिल दवे, माजी मुख्य निवडणूक आयुक्त कुरेशी आणि माजी कर्णधार भास्कर गांगुली यांच्या समितीकडे कारभार सोपवला, आणि ऑगस्टच्या मध्यावर ‘तिसऱ्या पक्षाचा हस्तक्षेप’ म्हणून फिफानं भारताला निलंबित केलं. त्या वेळी गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेला होता. त्या मुलींना न खेळता परत यावं लागलं. महासंघाच्या घटनेशी, मुदतीशी, खटल्याशी त्यांचा काय संबंध? समिती बरखास्त झाली, २६ ऑगस्टला निलंबन उठलं आणि १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक ऑक्टोबरात भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत पार पडला. ३० ऑक्टोबरला नेरूळला स्पेन आणि कोलंबियाचा अंतिम सामना पाहताना माझ्या डोक्यात ताश्कंदहून परत फिरलेल्या मुली होत्या.

भारतीय फुटबॉलची सर्वांत मोठी दुपारसुद्धा राजकारणाच्या धगीत गेली होती, हे आज फारसं कोणाला आठवत नाही. १९६२ च्या जकार्ता एशियाडला यजमान इंडोनेशियानं इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. भारताचे गुरु दत्त सोंधी यांनी या स्पर्धेला आशियाई स्पर्धा म्हणू नये अशी भूमिका घेतली. जकार्तात संताप उसळला, भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबरला, अंतिम सामना. खचाखच भरलेलं स्टेडियम भारताच्या प्रत्येक स्पर्शाला हुर्यो करत होतं. डोक्याला टाके पडलेला जर्नेलसिंग बचाव सोडून आघाडीला खेळला. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, एक त्याचा, आणि दक्षिण कोरियाविरुद्ध २–१ नं सुवर्णपदक. सोंधींनी भूमिका घेतली ती तत्त्वाची होती, आणि तिची किंमत मैदानावर अकरा पोरांनी मोजली. त्या संघात मुंबईच्या टाटा स्पोर्ट्सकडून खेळणारा गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको होता. गोवा भारतात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

‘फेअर प्ले’ला मराठीत खिलाडूवृत्ती म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो, कारण त्यात सगळा भार खेळाडूच्या मनावर टाकलेला आहे. उलट्या बाजूचा शब्द मात्र आपल्याकडे नेमका आहे: रडीचा डाव. नियमात बसवूनही रडीचा डाव खेळता येतो, हे गल्लीतल्या प्रत्येक पोराला कळतं. २५ जून १९८२ ला स्पेनमधल्या हिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया समोरासमोर आले. अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशी झालेला, त्यामुळे जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर दोघेही पुढे जाणार, हे दोघांना ठाऊक. दहाव्या मिनिटाच्या सुमारास हृबेशनं गोल केला आणि उरलेली ऐंशी मिनिटं चेंडू नुसता इकडून तिकडे फिरत राहिला. जर्मनीला हरवलेला अल्जीरिया घरी गेला. एकही नियम मोडला नव्हता. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले. अन्याय झाल्यावर तो पुन्हा होऊ नये म्हणून रचनाच बदलली, असं उदाहरण या इतिहासात विरळा आहे.

हिहोनच्या चार दिवस आधी, वायादोलिदमध्ये फ्रान्स विरुद्ध कुवेत. फ्रान्स ३–१ नं पुढे. प्रेक्षकांतून कुणीतरी शिट्टी वाजवली, कुवेतचे खेळाडू थबकले, जिरेसनं गोल मारला. कुवेतच्या संघटनेचे प्रमुख, राजपुत्र फहद, मानाच्या कक्षातून हात हलवू लागले, मग सुरक्षारक्षकांसह थेट मैदानात उतरले. पंच होते सोव्हिएत संघाचे मिरोस्लाव स्तुपार. त्यांनी दिलेला गोल मागे घेतला. फ्रान्सनं पुढे चौथा गोल केला, त्यामुळे निकाल बदलला नाही. कुवेतला दंड झाला. स्तुपार यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द मात्र तिथंच संपली.

हे दृश्य मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा आबांची आठवण होते. माझे वडील कोल्हापुरात पेठापेठांतल्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहायचे. काळा शर्ट आई रात्री धुऊन वाळत घालायची, शिट्टी पत्र्याच्या डबीत असायची. एका सामन्याच्या मध्यंतराला मंडपात बसलेल्या एका पुढाऱ्यानं पोराच्या हातून चिठ्ठी पाठवली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा, पाण्याची बादली घेऊन आबांच्या शेजारीच उभा होतो. आबांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि दुसरा हाफ पहिल्यासारखाच चालवला. त्यानंतर दोन हंगाम त्यांना सामना मिळाला नाही. चिठ्ठीत काय होतं ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. स्तुपार यांनी वाकायला नको होतं, हे खरं. पण राजपुत्र मैदानात येईपर्यंत त्यांना अडवायला एकही माणूस पुढे झाला नाही, हेही तितकंच खरं, आणि त्याची जबाबदारी पंचाची नव्हती.

आत्ताच हे पुस्तक का, याचं कारण गेल्या काही वर्षांत आहे. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २८ फेब्रुवारी २०२२ ला फिफा आणि युएफानं रशियाला बाहेर काढलं. त्याआधी पोलंडच्या खेळाडूंनी रशियाशी खेळणार नाही असं जाहीर केलं होतं. रेटा खालून आला, हे विसरू नये. मार्च २०२३ मध्ये बालीच्या गव्हर्नरांनी इस्राएलच्या संघाला विरोध केल्यावर इंडोनेशियाकडून २० वर्षांखालील विश्वचषक काढून घेतला गेला. एका देशाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, हा आरोप पॅलेस्टाइनच्या प्रश्नावरून आज जगभर होतो आहे. डिसेंबर २०२४ मध्ये २०३४ चा विश्वचषक सौदी अरेबियाला प्रतिस्पर्धी उमेदवाराविना, टाळ्यांच्या गजरात दिला गेला. डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनला विश्वचषकाच्या सोडतीच्या समारंभात फिफानं स्वतःचा नवा शांतता पुरस्कार अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना दिला. खेळ आणि राजकारण वेगळं ठेवण्याचं वचन देणारी संस्था हे करते, तेव्हा त्या वचनाचा अर्थ तिला विचारलाच पाहिजे.

आणि अफगाणिस्तान. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आले आणि मुलींचा फुटबॉल बंद झाला. राष्ट्रीय संघातल्या बऱ्याच जणी ऑस्ट्रेलियाला पोचल्या. माजी कर्णधार खालिदा पोपल यांच्यासारख्या बायका चार वर्षं एकच गोष्ट मागत राहिल्या: आम्हांला आमच्या देशाचा संघ म्हणून खेळू द्या. अडचण अशी की संघाला मान्यता संघटनेकडून मिळते, आणि संघटना काबूलमध्ये. सरकारनं अर्ध्या लोकसंख्येला मैदानाबाहेर काढलं तरी त्या संघटनेचं सदस्यत्व अबाधित राहिलं. अखेर २०२५ मध्ये फिफानं निर्वासित खेळाडूंचा संघ उभा केला आणि ‘अफगाण विमेन युनायटेड’ या नावानं तो मोरोक्कोत चाड, ट्युनिशिया आणि लिबियाविरुद्ध खेळला. संघटनेच्या शिक्क्याशिवाय खेळाडूंना खेळाडू म्हणून ओळखायचा हा पहिला मोठा प्रयत्न. तो अर्धामुर्धा आहे, तरी मला तो फार मोलाचा वाटतो.

या संग्रहात पत्रकार आहेत, वकील आहेत, दोन प्रशिक्षक आणि एक निवृत्त पंच आहे. त्यांचं एकमेकांशी पटत नाही. रशियावरची बंदी काहींना न्याय्य वाटते, काहींना सोयीची. मी ते मतभेद तसेच ठेवले आहेत. १९७८ च्या अर्जेंटिना–पेरू सामन्यावर मात्र आम्ही एक पथ्य पाळलं: सहा गोल झाले हे ठाऊक आहे, लष्करी राजवट काय करत होती हे ठाऊक आहे, सामना विकला गेल्याचं सिद्ध झालेलं नाही, म्हणून त्यापुढे गेलो नाही. क्लबांच्या पैशाचा विषय, सट्टा आणि उत्तेजक द्रव्यं मुद्दाम बाहेर ठेवली आहेत; त्यांना वेगळं पुस्तक लागेल. नियमांची चर्चा आली आहे तिथं त्या नियमाखाली सापडलेला एक तरी माणूस समोर असेल, असा प्रयत्न केला आहे. मराठीत फुटबॉलवर लिहिलं जातं ते बहुतेक खेळाच्या कौशल्यावर किंवा गाजलेल्या खेळाडूंवर. पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर मात्र या पुस्तकातल्या प्रत्येक प्रश्नावर रात्र-रात्र वाद झालेले मी ऐकले आहेत. ती भाषा इथं यावी, असं मला मनापासून वाटत होतं.

मुखपृष्ठाबद्दल सांगायचं राहिलं. सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियमचं पुढे नूतनीकरण झालं, नव्या खुर्च्या बसल्या. आठ नंबरच्या दरवाज्यापाशी जुन्या लाकडी बाकांचा एक तुकडा मात्र होता तसा राखला आहे. सामन्याला स्टेडियम भरलं तरी त्या बाकांवर कोणी बसत नाही. मुखपृष्ठावरचं चित्र त्या बाकांचं आहे.